सात जिनसांचा कागद

आमच्या आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मी, त्यांची लेक, गावच्या शाळेत मास्तरीण होते. खरं तर एवढ्यातच सगळं सांगून झालं. पण एवढ्यानं कुणाला कळत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आम्ही तळवड्याचे. आता तिथं काचेच्या इमारती झाल्यात आणि रिक्षावाल्याला कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय पत्ता समजत नाही. तेव्हा नुसती जोंधळ्याची रानं होती आणि पलीकडं इंद्रायणी. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. पिंपरीकडं औषधांच्या मोठ्या कारखान्याचं काम निघालं होतं आणि गावातली तरणी माणसं तिकडं मजुरीला जायला लागली होती. आबा कुठं गेले नाहीत. त्यांची शेती बेताची, पण त्यांना चार गावं ओळखायची ती शेतीमुळं नव्हे, मलमामुळं.

बैलाच्या मानेवर जू घासून घासून सूज येते, मग ती फुटते, माश्या बसतात आणि जखम चिघळत जाते. त्याला बैलाला खांदा आला असं म्हणतात. खांदा आलेलं जनावर जू दिसलं तरी अंग चोरतं, डोळ्यांतून पाणी गाळतं. आबांचं मलम त्या खांद्यावर लावायचं. दर शनिवारी चाकणच्या बैलबाजारात कडुनिंबाखाली घोंगडी टाकून ते बसत. कुणी बैल पुढं आणून उभा केला की आधी बैलाशी बोलत, मग मालकाशी. "काय रं लेका, लई वढलं व्हय तुला मालकानं?" असं ते बैलाला विचारत आणि मालक शरमेनं खाली बघे. ती शनिवारची जागा म्हणजे आबांचा जीव होता. बाकीचे सहा दिवस ते शनिवारची वाट बघत काढायचे.

मलम त्यांचं स्वतःचं नव्हतं. त्याच बाजारात बैलांना नाल ठोकणारा एक म्हातारा मुसलमान नालबंद होता, त्यानं ते आबांना शिकवलं. आबा त्याला चाचा म्हणत. चाचांनी सात जिनसा उघड शिकवल्या आणि आठवी, डोंगरातला कसलासा पाला, ती मात्र अखेरच्या दिवसांत, बैलाच्या कपाळावर हात ठेवायला लावून शपथेवर सांगितली. शपथ अशी की नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की पाल्याचा गुण गेला. मरताना एकाच्याच कानात सांगायचं, बस. आमच्याकडं झाडपाल्याचं औषध देणारी माणसं अजूनही हे पाळतात. तुम्ही हसाल, मीही हसायचे. सातवी पास झाले होते ना! शिंगं फुटली होती मला.

एका शनिवारी बाजारातल्या कारकुनानं आबांना घोंगडी उचलायला लावली. औषध विकायचं तर परवाना पाहिजे म्हणाला. आबा घरी आले ते डबे पडवीत ठेवून तसेच गोठ्यात गेले आणि आमच्या तांबड्याच्या गळ्याखाली खाजवत उभे राहिले. तांबडा म्हणजे आमच्या जोडीतला डावीकडचा बैल. आमच्याच गाईचा, आबांनी स्वतःच्या हातानं ओढून जन्माला घातलेला. आबा जवळ गेले की तो त्यांचं मुंडासं चाटून ओलं करी. आई म्हणायची, "माझ्याशी दोन शब्द बोलायला तुम्हास्नी सवड न्हाई, आन त्याच्याशी निस्ती हितगुजं चालल्यात." आबा म्हणायचे, "त्यो उलटून बोलत न्हाई."

परवान्याचा अर्ज मी मागवून घेतला. वाचताना मलाच घाम फुटला. पक्की फरशीची खोली, औषधांचं शिकलेला माणूस, निरनिराळी भांडी, तपासणी. माणसांची औषधं करणाऱ्या कारखान्याला जे लागतं ते सगळं आमच्या चुलीवरच्या कढईलाही लागू! आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आमी पिंपरीच्या कारखान्यात जाऊन मलम कढवायचं का काय?"  तीन-चार महिने शनिवार आले नि गेले. शनिवारी सकाळी ते उगाच अंगरखा घालून तयार होत आणि दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहत. मला ते बघवत नसे.

आणि मग चाकणच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आमच्या गावी बुळकांड्याची लस टोचायला आले. तरणाताठा माणूस, खाकी अर्धी चड्डी, बोलायला मोकळा. शाळेच्या आवारातच गुरं आणली होती. मी धीर करून आबांची हकिगत त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "अहो बाई, आता सोपं झालंय. जनावरांना नुसतं वरून लावायचं, पोटात न जाणारं, बिनविषारी असं जे काही असेल, त्याला मोठा परवाना नको. एक कागद भरायचा, आत काय काय घालता ते लिहायचं, एक डबी नमुना द्यायची. मी बघून शिक्का मारतो. साध्या माणसांना उगाच छळायचं नाही, म्हणूनच हे काढलंय."

सरकारनं शहाण्यासारखी केलेली ती एक गोष्ट. नियम चांगला होता आणि डॉक्टर चांगले होते. दोष द्यायला मला आजही दुसरं कुणी सापडत नाही.

कागद एकच पान होता. मी शाळा सुटल्यावर तो घेऊन पळतच घरी आले. पडवीत बसले, टाक दौतीत बुडवला आणि म्हटलं, "सांगा आबा." आबांनी बोटांवर मोजत सांगितलं: करंजाचं तेल, मेण, हळद, कडुनिंबाचा रस, राळ, कापूर, चुन्याची निवळी. सुवाच्य अक्षरात सात ओळी उतरल्या.

"आणि आठवं?"

आबांनी मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

"आबा, पाला कसला ते सांगा. सगळं लिहायचं आहे."

"त्ये न्हाई सांगता येत, पोरी."

मी चिडले. मला राग लवकर येतो, तेव्हा तर नाकाच्या शेंड्यावर असायचा. म्हटलं, "चाचा जाऊन सात वर्षं झाली. पाल्याला काय कान आहेत? नाव घेतल्यानं कधी गुण जातो होय? वर्गातली पोरंसुद्धा हसतील." आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझा राग आला नाही, कधीच यायचा नाही. आई चुलीपासून ओरडली, "तिला शिकवलीत ना? घ्या आता!"

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या मागं हात धुऊन लागले. जेवताना, धार काढताना, पाण्यावर जाताना. "सांगा की. शनिवार येतोय. तुम्हाला बाजारात बसायचं नाही का?" एकदा तर ते सांगणारच होते. तोंड उघडलं आणि ते उठून रानात निघून गेले. माझ्या बापाचा तो चेहरा आठवला की आज ऐंशी ओलांडल्यावरही मी ताटावरून उठते. कशाला छळलं मी त्यांना!

नवव्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्यापुढं येऊन बसले. म्हणाले, "सातच लिव्ह."

"आणि आठवं?"

"आठवं न्हाई. सातच."

मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, म्हाताऱ्यानं तोडगा काढला. वर हळू आवाजात सांगितलंही, "बरोबर आहे. कागदावर सात राहू द्या, कढईत आठवं घाला खुशाल. कोण बघायला येतंय?" पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या देणारी मास्तरीण मी! आबांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "खाली काय लिवलंय, त्ये वाच."

मी वाचलं, "वरील जिनसांखेरीज या मलमात अन्य काहीही घातलेले नाही व घालणार नाही, असे मी सत्य लिहून देतो."

"पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि इतका जोरानं दाबला की कागद पाटाला चिकटला.

नव्यानं मलम कढवलं, नमुना डॉक्टरांकडं पोचवला. आमचं मलम नेहमी हिरवट असे, या खेपेला ते पिवळंधमक उतरलं. मी म्हटलं, "हळद जास्त पडली वाटतं." आबा म्हणाले, "आसंल." शिक्का मारलेला कागद हातात पडला त्या दिवशी आबा चाकणहून येताना तो काचेच्या चौकटीत बसवूनच घेऊन आले. चौकट घोंगडीत गुंडाळून, छातीशी धरून, इंद्रायणीच्या उतारातल्या पाण्यातनं डोक्यावर धरून आणली. देवांच्या शेजारी खिळा ठोकला. येईल त्याला दाखवायचे, "माझ्या लेकीनं लिवलंय. आक्षार बघा."

कडुनिंबाखालची जागा परत मिळाली. डब्यांवर चिठ्ठ्या मी लिहून दिल्या: बैलाच्या खांद्यासाठी, फक्त वरून लावणे. पहिले दोन शनिवार आबा अगदी नवरदेवासारखे निघाले. मग एकेक माणूस परत यायला लागला. म्हाळुंग्याचा एक जण म्हणाला, "आबा, आवंदा पहिल्यावानी गुन येत न्हाई बगा." दुसरा काही न बोलता अर्धा डबा ठेवून गेला. मी म्हटलं, पत्र्याच्या नव्या डब्यांनी बिघडत असेल, किंवा कापूर जुना असेल. आबांना सांगितलं, दुसऱ्या दुकानातून कापूर आणा. त्यांनी आणला. माझं ऐकायचे ते.

पेरणीच्या घाईत आमच्या तांबड्यालाच खांदा आला. सुपारीएवढी सूज. आबांनी औत सोडलं, तांबड्याला सावलीत बांधला आणि मलम चोळलं. चार दिवसांनी सूज लिंबाएवढी झाली आणि फुटली. आबा दिवसातून तीनदा कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचे, मलम भरायचे, माश्या वारत बसायचे. जखम भरेना. वास यायला लागला. तांबडा वैरण हुंगायचा आणि मान फिरवायचा. आबा जवळ गेले तर तेवढं मुंडासं चाटायचा.

मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलावू." आबा म्हणाले, "थांब. आजवर माझ्या मलमानं बैल दगावला न्हाई." ते तांबड्याच्या मानेकडं बघत नव्हते, डोंगराकडं बघत होते. मला काही कळलं नाही. दोन दिवसांनी मीच त्यांना न विचारता डॉक्टरांना निरोप धाडला. ते सायकल रेटत आले तोवर तांबडा आडवा झाला होता. विष रक्तात गेलंय, आता उशीर झाला म्हणाले. सुई टोचली. दुपारी चारच्या सुमारास तांबड्यानं पाय ताणले. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मुंडासं सोडलं आणि त्याच्या तोंडावर पांघरलं.

आई रडत रडत माझ्या अंगावर धावून आली. "सांगायला लावलंस ना पाल्याचं नाव! गेला बग गुन! खाल्लास माझा बैल!"

"न्हाई," आबा म्हणाले. "तिला न्हाई सांगितलं. कुनालाच न्हाई."

"मग?"

"पाला घातलाच न्हाई म्या. कागदावर सात लिवलं तवापास्नं सातच घालतोय."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. म्हटलं, "पण आबा, मी सांगितलं होतं तुम्हाला, घाला म्हणून. आणि हा तर आपला घरचा बैल. त्याच्यापुरतं तरी घालायचं! पाला काय लांब होता?"

आबा म्हणाले, "आंगठा हाय न्हवं माजा त्याच्यावर. घालनार न्हाई म्हून लिवून दिलंय. बाजारात येक आन घरात येक, आसं कसं चालंल, बाय?"

चाचांना दिलेला शब्द मोडायचा नाही आणि सरकारला लिहून दिलेलं खोटं करायचं नाही. दोन्ही राखायचं तर पाला सोडून द्यायचा, एवढाच मार्ग त्या अडाणी माणसाला दिसला होता. त्यानं तो पाळला आणि त्याची किंमत म्हणून त्याच्या मांडीवर त्याचा बैल मेला. पाला असता तर तांबडा वाचला असता का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. पण आबांच्या मनात शंका नव्हती आणि माझ्याही नाही.

त्यानंतर आबांनी कढई पालथी घातली ती कायमची. शनिवारी अंगरखा घालणंही थांबलं.

दिवाळी झाल्यावर डॉक्टर पुन्हा लस घेऊन शाळेत आले. मी पोरांना गणितं घातली होती. नेहमीप्रमाणे बजावलं होतं, "प्रश्न पुरता वाचा रे, दोन्ही बाजू वाचा, मग पेन्सिल उचला." डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले, "बाई, बाबा बाजारात दिसत नाहीत ते?" मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. शपथ, आठवी जिनस, तांबडा. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"अहो पण," ते म्हणाले, "नाव कुठं मागितलं होतं? असे शपथवाले जागोजागी आहेत, माहीत का नाही आम्हाला? त्याची सोय केली होती की. पाठीमागं छापलंय. वाचलं नाहीत का तुम्ही?"

मी मधल्या सुट्टीत घरी गेले. आबा रानात होते, आई ओढ्यावर. चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा काढला. कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात चार ओळी होत्या. मिश्रणात स्थानिक झाडपाला असल्यास व त्याचे नाव सांगण्यास अर्जदाराची हरकत असल्यास 'झाडपाला, बिनविषारी' इतके लिहिणे पुरेसे आहे. नमुना दवाखान्यात तपासला जाईल.

झाडपाला, बिनविषारी. दोन शब्द. आठव्या ओळीत मावले असते, जागा अजून मोकळी होती.

मी तो कागद उलटा केला नव्हता. आठ दिवस बापाचा जीव खाल्ला, त्याची शपथ हसण्यावारी नेली, खोटं लिहायला शिकवलं, पण कागद उलटून बघण्याएवढी अक्कल मला झाली नाही. पुढच्या बाजूला सात ओळी सुवाच्य आल्या, त्यातच मी खूष होते. भिंतीला टेकून बसले आणि मोठमोठ्यानं रडले. मग आई येईल म्हणून तोंड धुतलं, पुठ्ठा बसवला, चौकट खिळ्याला लावली आणि तिसरीच्या वर्गावर गेले.

आबांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. सांगायला तोंड उघडावं तर ते कुणा पाव्हण्याला चौकटीपुढं उभं करून म्हणत असायचे, "मलम बंद केलं आता. पन आक्षार बघा की पोरीचं! सरकारनं शिक्का मारला त्या अक्षरावर." माझ्या चुकीवर ते असे जन्मभर मिरवले आणि मी बाजूला उभी राहून पाहुण्यांना चहा देत राहिले.

शेवटच्या दुखण्यात मी माहेरी होते. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाल्याचं नाव आता सांगतील, मरताना एकाला सांगायचंच होतं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते हसले. म्हणाले, "तुला न्हाई सांगायचा. तू लगीच लिवून ठिवशील."

मीही हसले. हसता हसता हुंदका आला. म्हटलं, आता सांगून टाकायचं. "आबा, तो कागद..."

"व्हय," ते म्हणाले, "त्यो तू घिऊन जा. हितं धूर लई हाय. काच पुशीत जा."

संध्याकाळी ते गेले. पाला त्यांच्याबरोबर गेला.

चौकट आता थेरगावला माझ्या लेकाच्या घरी आहे. दर शनिवारी मी ती उतरवते आणि काच पुसते. नातू विचारतो, आजी, हे काय आहे? मी सांगते, हे माझं अक्षर आहे, तुझ्या पणज्याला फार आवडायचं. मग सात ओळी त्याला मोठ्यानं वाचून दाखवते, आठवी मोकळी आहे ती दाखवते आणि कागदाची पाठ भिंतीकडं करून चौकट परत टांगते.